उन्हाळ्यात पसरणाऱ्या कुकीज अशा सावरल्या

मे महिन्यात जळगावात पारा चाळिशीपार असतो आणि बटर 32 ते 35 अंशांतच वितळतं. त्यामुळे माझ्या कुकीज ओव्हनमध्ये कडा धरायच्या आधीच पसरायच्या. प्रमाण नेहमीचंच: 100 ग्रॅम साखर, 200 बटर, 300 मैदा. आता पीठ पहाटे मळते. पुदिना धुऊन फडक्यावर अगदी कोरडा करते, बारीक चिरून साखरेत चोळते; साखर हिरवट होऊन घमघमते. शेंगदाणे भाजून, सालं पाखडून जाडसर कुटते (बदामापेक्षा मला हेच आवडतात). कापलेल्या कुकीज ट्रेसकट अर्धा तास फ्रिजमध्ये, तिथून थेट 160 अंशांच्या ओव्हनमध्ये. कडा छान उभ्या राहतात. आयसिंग पिठीसाखर आणि लिंबाच्या रसाचं, घट्टसरच ठेवा. कुकीज पूर्ण गार झाल्यावरच लावा, नाहीतर पातळ होऊन ओघळतं.