जरीकाम शिकायला येताय? आधी टाचायला शिका

ऐतिहासिक पोशाखांवरचे जरीचे भरतकाम शिकायला येणाऱ्यांचा हात बहुधा आधीच सुईला सरावलेला असतो, आणि पहिली अडचण तिथेच येते. साध्या भरतकामात धागा कापडातून वरखाली जातो. जर, म्हणजे धातूची पट्टी गुंडाळलेला धागा, तशी ओढली की तिच्यावरची धातूची पट्टी विणीला घासून सोलते आणि आतला रेशमी गाभा उघडा पडतो. म्हणून जर कापडावर ठेवायची आणि दुसऱ्या बारीक दोऱ्याने वरून टाचायची.

सुई हातात घेण्याआधी जुना धागा भिंगाखाली पाहा. बहुतेक वेळा रेशमी गाभ्यावर चपटी तार गुंडाळलेली दिसेल: चांदीची, सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीची, हलक्या कामात तांब्याची. चांदी काळवंडते, तांब्यावर हिरवट थर चढतो. मध्ययुगीन युरोपातल्या काही धाग्यांत तारेऐवजी प्राण्याच्या आतड्याचा वर्ख चढवलेला पापुद्रा असतो, चीन-जपानच्या धाग्यांत वर्ख लावलेला कागद. पीळ डावा की उजवा हेही टिपून ठेवा. टाचताना दोऱ्याचा ओढा पीळ उलगडणाऱ्या बाजूला गेला, तर पट्टी सैल होते आणि मधल्या फटींतून गाभा दिसू लागतो.

सरावाला घट्ट विणीचे रेशीम किंवा लिनन घ्या, खाली सुती अस्तर लावा आणि दोन्ही एकत्र चौकटीवर कडक ताणा. कापड ढिले राहिले तर ते प्रत्येक टाक्यागणिक थोडे गोळा होते, आणि चौकटीवरून उतरवल्यावर त्या सुरकुत्या कशानेच जात नाहीत.

दोन जरी शेजारी ठेवून एकाच टाक्यात धरायच्या. टाचायचा दोरा बारीक रेशमी आणि मेणातून ओढलेला हवा, नाहीतर पट्टीची धार तो हळूहळू कापते. सुई 10 किंवा 12 नंबरची. टाके 3 ते 4 मिलिमीटरवर, ओळीला काटकोनात. पुढच्या ओळीतला टाका आधीच्या दोन टाक्यांच्या मधोमध, भिंतीतल्या विटांसारखा. फार आवळलात तर जर तिथे चिमटते आणि प्रकाश तुटक परततो. टोकदार कोपऱ्यावर दोन्ही जरी एकत्र वळवू नका. आधी बाहेरची वळवून एका टाक्याने पक्की करा, मग आतली. ओळ संपली की 3 सेंटीमीटर शेपूट सोडा आणि रुंद नेढ्याच्या सुईने एकेक टोक वेगळ्या भोकातून मागे न्या. एकाच भोकातून दोन्ही नेली तर ते भोक कायमचे दिसत राहते.

सलम्याचा मोह सगळ्यांनाच लवकर होतो. टाचलेल्या ओळी सरळ येऊ लागेपर्यंत त्याला हात लावू नका, असे आम्ही आग्रहाने सांगतो. सलमा म्हणजे बारीक तारेची पोकळ गुंडाळी. तुकडे कापून मण्यांसारखे ओवायचे. मखमल लावलेल्या पाटीवर कापा, म्हणजे तुकडे उडत नाहीत. उठावासाठी फेल्टचे (दाबून केलेल्या जाड कापडाचे) तीन थर घ्या, सर्वांत लहान तळाला आणि सर्वांत मोठा वर, म्हणजे पायऱ्या दिसत नाहीत. तुकडा उठावावरून जाणाऱ्या अंतराहून किंचित लांब हवा. आखूड पडला तर कडेला फेल्ट दिसते, फार लांब झाला तर मध्येच वाकून तडकतो. तडकलेला तुकडा काढून नवा लावणे एवढाच उपाय.

जुन्या कामांपैकी एका तंत्रासाठी मात्र वेळ राखून ठेवा. 13व्या-14व्या शतकातल्या इंग्लंडमधल्या चर्चच्या वस्त्रांत लिननचा दोरा मागून काम करतो. टाक्याच्या जागी तो जरीचा इवलासा फासा ओढून मागच्या बाजूला नेतो. फासा मागे गेला की हाताला हलकासा झटका जाणवतो. तो जाणवला नाही तर टाका बसलेला नाही. टाचणारा दोरा मागे राहिल्याने झिजत नाही, आणि प्रत्येक फासा बिजागरीचे काम करत असल्याने सोन्याने भरलेले वस्त्रही अंगावर झोकात पडते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला सायन कोप (चर्चमधल्या विधींचा झगा) याच पद्धतीचा आहे. उलट डरहॅममधल्या संत कथबर्ट यांच्या थडग्यात सापडलेल्या, 909 ते 916 दरम्यानच्या, धर्मगुरूंनी अंगावर घ्यायच्या कापडी पट्ट्यांवर सोने वरूनच टाचलेले आहे.

जुन्या वस्त्रांच्या जतनाकडे वळणार असाल, तर काळी पडलेली जर चमकवण्याची इच्छा आवरा. चांदी उजळवणारे द्रव गाभ्यात मुरतात, पूर्ण निघत नाहीत आणि आतून नुकसान करत राहतात. घासले तर पातळ मुलामाच जातो. अनेकदा धातू शाबूत असतो, तुटलेले असते ते टाचणारे रेशीम. तेव्हा सुटलेली जर कापू नका. ती जागेवर बसवून, जमेल तिथे जुन्याच भोकांतून, मूळ दोऱ्याहून मजबूत नसलेल्या रेशमाने सैलसर टाका घाला. ताण आलाच तर नवा दोरा तुटावा, जुने कापड फाटू नये. सुती हातमोजे सुटलेल्या तारांत अडकतात, त्याऐवजी नायट्राइलचे घाला. उठावाचे काम घडी न घालता, आम्लविरहित कागदावर सपाट ठेवा. लोकर आणि रबर त्या कपाटात नको, कारण त्यांतून सुटणाऱ्या गंधकाच्या वायूंनी चांदी काळवंडते. आणि पहिला टाका घालण्याआधी पुढच्या बाजूइतकेच मागच्या बाजूचेही फोटो काढा. मूळ टाके कुठे होते याचा पुरावा बहुधा मागेच असतो.