अमेरिकेतला गायब झालेला मतदारसंघ कसा शोधायचा (नेब्रास्काच्या सहाव्याची गोष्ट धरून)

राजापूर लोकसभा म्हटलं की आपल्याकडे पन्नाशीपुढच्या कुणालाही लगेच नाथ पै आणि मधु दंडवते आठवतात. २००८ च्या पुनर्रचनेत मतदारसंघ गेला, आता तो भाग रत्नागिरी-सिंधुदुर्गात आहे, पण राजापूर गाव जागच्या जागी आहे त्यामुळे शोधणाऱ्याला फार त्रास होत नाही. अमेरिकेत ही सोय नाही. तिथे काँग्रेसच्या, म्हणजे त्यांच्या संसदेच्या खालच्या सभागृहाच्या, मतदारसंघाला नावच नसतं, नुसता नंबर, आणि दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर नंबर इकडचे तिकडे होतात, एखाद्या राज्याची सीट कमी झाली की शेवटचा नंबर जातो. मग अशा गेलेल्या नंबरचा इतिहास काढायचा कसा? माझा आतेभाऊ नेब्रास्का राज्यातल्या ओमाहात असतो, त्याच्याशी गप्पा मारता मारता मला हा नाद लागला, तर नेब्रास्काचा सहावा मतदारसंघ (१८९३ ते १९३३) हेच उदाहरण घेऊन सांगतो. पद्धत मात्र कुठल्याही राज्याला चालेल.

पहिली पायरी: राज्याच्या सीटांचा हिशोब मांडा

कागदावर आधी फक्त एवढंच लिहा की कुठल्या वर्षापासून किती सीट. नेब्रास्का १८६७ ला राज्य झालं तेव्हा १ सीट होती. १८८३ पासून ३ झाल्या, १८९३ पासून एकदम ६. मग उतरंड सुरू. १९३३ ला ५, १९४३ ला ४, १९६३ ला ३ आणि आजही ३च. म्हणजे सहावा नंबर नेमकी चाळीस वर्षं जगला. जनगणना शून्याच्या वर्षी होते, नव्या नकाशावर निवडणूक त्याच्यानंतर दोन वर्षांनी, आणि माणूस सभागृहात बसतो त्याच्या पुढच्या साली, हे तीन आकडे डोक्यात घोळ घालतात म्हणून सुरुवातीलाच एक ठरवा की आपण "सभागृहात बसला ते साल" धरणार. मी हे ठरवलं नव्हतं आणि नंतर सगळी वही खोडावी लागली.

दुसरी पायरी: माणसांची यादी

ही सगळ्यात सोपी. अमेरिकन काँग्रेसची आत्तापर्यंतच्या सगळ्या सदस्यांची चरित्रसूची ऑनलाइन आहे, फुकट आहे. सहाव्याचे चाळीस वर्षांत फक्त सहा खासदार झाले (मी खासदारच म्हणतो, प्रतिनिधी वगैरे म्हटलं की परकं वाटतं). ओमर केम, विल्यम ग्रीन, विल्यम नेव्हिल हे तिघे पॉप्युलिस्ट, नंतर मोझेस किंकेड, ऑगस्टिन हम्फ्री, रॉबर्ट सिमन्स हे तिघे रिपब्लिकन.

यादी दिसते सरळ पण दोन ठिकाणी पाय अडकतो. एक, मधेच वारलेली माणसं. ग्रीन १८९९ मधे गेला म्हणून पोटनिवडणुकीतून नेव्हिल आला, किंकेड जुलै १९२२ मधे गेला आणि उरलेल्या मुदतीसाठी ब्रोकन बो गावचा हम्फ्री आला तो जेमतेम चार महिने, इतका थोडा की घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटतोच. दोन, एकच माणूस दोन नंबरांखाली सापडतो. केम १८९१ ला सभागृहात बसला तेव्हा तो तिसऱ्याचा खासदार होता आणि दोन वर्षांनी सहाव्याचा, पण माणूस तोच आणि राहणारा तिथलाच, ब्रोकन बोचा शेतकरी. तो कुठेही गेला नाही, नंबर त्याच्यावर येऊन बसला. मी सुरुवातीला दोन संध्याकाळी जुन्या तिसऱ्याचा इतिहास आजच्या तिसऱ्याला जोडत बसलो होतो, तेव्हापासून एक नियम केलाय: नंबरच्या मागे लागायचं नाही, काउंटीच्या मागे लागायचं.

तिसरी पायरी: काउंट्या लिहून काढा, आणि त्यांच्यावरही विश्वास ठेवू नका

काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. सहाव्यात राज्याचा पश्चिम आणि वायव्य भाग होता, सँडहिल्स म्हणजे वाळूच्या टेकड्यांवर गवत वाढलेला प्रचंड माळ, आणि पलीकडे वायोमिंगला टेकलेला पट्टा. त्यातली चेरी काउंटी एकटी साधारण १५,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या पुणे जिल्ह्याएवढी. आपल्या पुणे जिल्ह्यात २०११ ला ९४ लाख लोक होते आणि चेरी काउंटीत २०२० ला साडेपाच हजार. हा आकडा एकदा नीट बघा म्हणजे पुढचं सगळं समजेल.

मतदारसंघांचे जुने नकाशे डिजिटल स्वरूपात फुकट मिळतात, पण काउंट्याही फुटत असतात. १९०८ मधे शायेन काउंटीतून मॉरिल निघाली, १९०९ मधे ड्यूएलमधून गार्डन निघाली, आर्थर काउंटीचा कारभार १९१३ ला सुरू झाला. त्यामुळे १९०२ च्या निकालात गार्डन काउंटी सापडत नाही म्हणून डोकं धरू नका, ती तेव्हा नव्हतीच. शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीने काउंट्यांच्या बदलत्या सीमांचा तारीखवार नकाशासंग्रह केलाय, शेजारच्या टॅबमधे तो उघडा ठेवायचा.

चौथी पायरी: तिथल्या लोकांचं दुखणं काय होतं ते शोधा

इथे वेळ घालवा. नुसती नावं-सालं काढली तर ती टेलिफोन डिरेक्टरी होते.

सहाव्याचं दुखणं होतं जमीन. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने माणशी १६० एकर मिळायची. पूर्वेकडे जिथे मका पिकतो तिथे १६० एकर म्हणजे चंगळ, पण वाळूच्या टेकड्यांत एका गाईला वर्षभर चारायला पंधरा-वीस एकर लागतात, तर १६० एकरात गाई बसणार किती, आठ-दहा. नांगर घातला तर गवत जातं आणि खालची वाळू उडायला लागते. वर १८९० च्या दशकातला दुष्काळ, बँकेचं व्याज, मालाच्या भावापेक्षा रेल्वेचं भाडं डोईजड. म्हणून पहिली दहा वर्षं पॉप्युलिस्ट निवडून आले, ही शेतकऱ्यांची नवी पार्टी होती, आणि डेमोक्रॅट त्यांच्याशी युती करायचे. आपल्याकडचं शेतकरी संघटनेचं राजकारण ज्यांनी बघितलंय त्यांना हे वेगळं समजवायला नको.

मग आला किंकेड. ओ'नील गावचा, आधी जिल्हा न्यायाधीश, अविवाहित. १९०० ला हरला, १९०२ ला जिंकला आणि मग मरेपर्यंत हललाच नाही, त्याचं कारण १९०४ चा किंकेड कायदा. नेब्रास्काच्या ३७ काउंट्यांत १६० ऐवजी ६४० एकर मिळणार, म्हणजे अख्खा एक चौरस मैल, अट काय तर पाच वर्षं तिथे राहायचं आणि एकरी सव्वा डॉलरची सुधारणा करून दाखवायची, एकूण ८०० डॉलर. २८ जून १९०४ ला कायदा लागू झाला आणि जमीन कचेऱ्यांपुढे रांगा लागल्या. या लोकांचं नावच पडलं किंकेडर. खासदाराच्या नावाने मतदार ओळखले जायला लागले, अशी उदाहरणं फार नसतील.

गुरांचे मोठे मालकही गप्प बसले नव्हते. सरकारी माळ त्यांनी तारेची कुंपणं घालून वर्षानुवर्षं आपलाच असल्यासारखा वापरला होता, आता आपल्या गड्यांच्या आणि सैनिकांच्या विधवांच्या नावाने दावे लावून तीच जमीन परत घ्यायचा उद्योग चालला. स्पेड रँचचा बार्टलेट रिचर्ड्स यात शिक्षा भोगत असतानाच १९११ मधे वारला. बेनामी हा प्रकार आपणच शोधलाय असं मला उगाच वाटायचं. दुसरीकडे याच कायद्याने १९०७ पासून चेरी काउंटीत डेविटी नावाची काळ्या लोकांची वस्ती उभी राहिली, नॉर्थ लूप नदीच्या काठी, आणि १९३० च्या दशकात ती उठली. मतदारसंघाच्या इतिहासात अशा वस्त्या यायला पाहिजेत, नाहीतर मतदार होते कोण हेच कळत नाही.

जमिनीचे मूळ कागद बघायचे असतील तर केंद्र सरकारच्या जमीन खात्याची वेबसाइट आहे, राज्य आणि काउंटी टाकली की कुणाला किती एकर, कुठल्या कायद्याखाली, कुठल्या तारखेला, सगळं येतं. ऑनलाइन सातबाराच समजा, फक्त हा शंभर वर्षांपूर्वीचाही उघडतो.

पाचवी पायरी: गावचे पेपर

लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या क्रॉनिकलिंग अमेरिका संग्रहात नेब्रास्काचे ढीगभर पेपर आहेत, सहाव्यासाठी व्हॅलेंटाइन डेमोक्रॅट आणि अलायन्स हेरल्डपासून सुरुवात करा. शोधताना एक युक्ती. पानं मशीनने वाचलेली असतात, शाई फुटलेली असली की अक्षरं भलतीच होतात, त्यात किंकेडच्या स्पेलिंगमधे मधलं अक्षर पेपरवाले कधी "के" लावतात कधी "सी". दोन्ही टाकून बघा. आणि नावाने नाही मिळालं तर तारखेने जा, निवडणूक नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी असते, साप्ताहिक असेल तर त्या आठवड्याचा आणि पुढचा असे दोनच अंक चाळायचे. निकालाचं कोष्टक काउंटीवार छापलेलं असतं, बारीक टाइपात, मोबाइलवर नाही दिसणार, लॅपटॉप घ्या.

पेपर पक्षाचे असायचे हे विसरू नका. एकाच सभेला एकजण "तुडुंब गर्दी" लिहितो, दुसरा त्या सभेचं नावही काढत नाही. दोन्ही वाचा.

सहावी पायरी: मेला कशाने?

लोक कमी झाले म्हणून सीट गेली असं बहुतेकजण लिहून मोकळे होतात, पण नेब्रास्काची लोकसंख्या कमी झालीच नव्हती. १८९० ला १० लाख ६२ हजार, १९२० ला १२ लाख ९६ हजार, १९३० ला १३ लाख ७७ हजार. बाकीचा देश जोरात वाढला, शहरं फुगली, आणि सभागृहाची संख्या ४३५ वरच थांबली, मग ज्याची वाढ हळू त्याची सीट जाणार.

खरी गंमत १९२० ची आहे. देशभरात सरासरी २ लाख ४२ हजार माणसांमागे एक सीट येत होती, त्या हिशोबाने नेब्रास्काच्या वाट्याला पाचच सीटा बसत होत्या. म्हणजे सहावा १९२३ लाच जायला हवा होता! पण त्या जनगणनेत पहिल्यांदाच शहरी लोक गावच्या लोकांपेक्षा जास्त भरले, ग्रामीण खासदार अडून बसले आणि काँग्रेसने त्या दशकात सीटांचं फेरवाटपच केलं नाही. त्यांच्या इतिहासात असं एकदाच झालंय. १९२९ ला कायदा होऊन तिढा सुटला आणि १९३० च्या जनगणनेने सहाव्याचा निकाल लावला. आपल्याकडे १९७१ च्या जनगणनेवर लोकसभेच्या राज्यवार जागा गोठवल्यात आणि उत्तर-दक्षिण वाद पेटलाय, ते बघताना मला हे दशक हटकून आठवतं. पहिल्या पायरीतली उतरंड १९३३ ला का सुरू झाली, १९२३ ला का नाही, त्याचं उत्तर हे.

सातवी पायरी: एक काउंटी धरून आजपर्यंत या

कुठलीही एक घ्या. मी स्कॉट्सब्लफ घेतली कारण शेवटचा खासदार सिमन्स तिथला. १९३३ पर्यंत ती सहाव्यात, मग १० वर्षं पाचव्यात, मग २० वर्षं चौथ्यात आणि १९६३ पासून तिसऱ्यात, ज्यात आता राज्याच्या ९३ पैकी बहुतेक काउंट्या कोंबल्यात. जागा तीच, नंबर चार. तुमच्या वहीत प्रत्येक नंबरापुढे तेव्हाचा खासदार लिहा म्हणजे साखळी पुरी होते: सिमन्स, मग टेरी कार्पेंटर आणि हॅरी कॉफी, मग आर्थर मिलर, असं खाली खाली.

सिमन्सचं पुढे काय झालं तेही लिहून ठेवा. १९३२ ला मतदारसंघ पायाखालून गेला म्हणून तो पाचव्यातून उभा राहिला आणि रूझवेल्टच्या लाटेत कार्पेंटरकडून हरला. सहा वर्षांनी तो राज्याच्या सुप्रीम कोर्टाचा मुख्य न्यायाधीश झाला आणि तिथे १९६३ पर्यंत बसला. तोवर नेब्रास्काचा पाचवा गेला होता, आणि तो उतरला त्याच वर्षी चौथाही गेला.