लोहगावच्या तपासणीत बॅग अडकू नये म्हणून

पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून पहाटे दिल्ली-बेंगळुरूला निघालेल्या नोकरदाराची सॅक उघडली तर आत साधारण हेच निघतं: लॅपटॉप, कधी क्लायंटचा दुसरा लॅपटॉप, पॉवरबँक, दोन-तीन चार्जर, वायरींचा गुंता, घडीची छत्री आणि तिकडच्या कुणासाठी घेतलेला खाऊ. यातलं जवळपास सगळं विमानात नेता येतं. अडतं ते भरण्याच्या पद्धतीमुळे. सॅक बाजूच्या पट्ट्यावर ढकलली जाते, मग ती उघडा, पुन्हा यंत्रातून घाला, पुन्हा भरा. गर्दीच्या वेळी यात पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. घरीच नीट भरली तर हा वेळ वाचतो, आणि त्यासाठी यंत्राला काय दिसतं ते आधी कळायला हवं.

एक्स-रे यंत्र दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे किरण वापरतं आणि त्यावरून वस्तूला रंग देतं. सेंद्रिय पदार्थ नारिंगी, धातू निळे, मधल्या घनतेचे हिरवे. किरण ज्यातून पार जातच नाहीत ते काळं दिसतं. बहुतेक स्फोटकं सेंद्रिय असतात, म्हणजे नारिंगी. पण पेढ्यांचा डबा, साबणाची वडी, चॉकलेट हेही नारिंगीच. म्हणून पडद्यासमोरचा जवान एकट्या रंगावर जात नाही. नारिंगी गठ्ठा, त्याला लागून वायर आणि बॅटरी, अशी जोडी तो शोधत असतो. तुम्ही खाऊच्या डब्यावर पॉवरबँक आणि चार्जरचा गुंता ठेवलात तर नेमकं तेच चित्र तयार होतं. या यंत्रांत अधूनमधून खोट्या शस्त्राचं किंवा बॉम्बचं चित्र पडद्यावर सोडण्याचीही सोय असते, नजर जागी आहे की नाही ते तपासायला. त्यामुळे शंका आली की बॅग थांबवणं हेच त्या जवानाचं काम आहे, त्यावर हुज्जत घालून काही मिळत नाही.

लॅपटॉप बाहेर काढायला लावतात तोही याचसाठी. बॅटरी आणि बोर्ड इतके दाट असतात की त्यांच्या खाली काय आहे ते दिसत नाही. शिवाय २ फेब्रुवारी २०१६ रोजी मोगादिशूहून निघालेल्या डालो एअरलाइन्सच्या विमानात लॅपटॉपमध्ये दडवलेला बॉम्ब फुटला होता. विमानाला भगदाड पडलं, बॉम्ब नेणारा मेला, विमान मात्र परत उतरलं. सीटी स्कॅनसारखी त्रिमितीय प्रतिमा काढणारी यंत्रं जिथे बसली आहेत तिथे लॅपटॉप आतच राहू देतात. हे तंत्रज्ञान उघडच सरस आहे, सगळीकडे आलं पाहिजे. तोवर काढायची तयारी ठेवा.

सॅक कशी भरायची

सगळ्यात खाली कपडे आणि कागद. त्यावर खाऊ, पण एकावर एक डबे न रचता आडवा पसरून. लॅपटॉप पाठीकडच्या स्वतंत्र कप्प्यात, म्हणजे बाकी काही न हलवता एका चेनने बाहेर येतो. पॉवरबँक, चार्जर, हार्डडिस्क, इअरफोन, माऊस, कॅमेरा हे सगळं एका पारदर्शक किंवा जाळीच्या पाऊचमध्ये, आणि तो पाऊच सगळ्यात वर. प्रत्येक वायर वेगळी गुंडाळून वेलक्रो किंवा रबर लावा. सुटी नाणी आणि किल्ल्या घरीच छोट्या पिशवीत घाला. मूठभर नाणी पडद्यावर काळा डाग म्हणून दिसतात. छत्रीचं आपल्याकडे फार विसरायला होतं. घडीच्या छत्रीच्या काड्या आणि दांडा मिळून धातूची जाडजूड कांडी दिसते, म्हणून ती बाहेरच्या खिशात ठेवा आणि मागायच्या आत ट्रेमध्ये टाका.

रांगेत उभं असतानाच घड्याळ, पट्टा, पाकीट आणि मोबाइल सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात टाकून चेन लावा. ट्रेमध्ये सुटा ठेवलेला मोबाइल दुसऱ्याच्या ट्रेखाली जातो, पाकिटं तर कायमच मागे राहतात. पहिल्या ट्रेत एकटा लॅपटॉप, त्यावर जॅकेट टाकायचं नाही. दुसऱ्या ट्रेत पाऊच आणि छत्री. सॅक तिसरी. लॅपटॉप दोन असतील तर दोन ट्रे; एकावर एक ठेवले की ते हमखास परत जातात. बूट आपल्याकडे सहसा काढायला लावत नाहीत, पण घोट्यापर्यंतचे ट्रेकिंगचे बूट असतील तर सांगू शकतात. ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी धातू शोधणाऱ्या दारातून जाण्याआधीच जवानाला सांगावं आणि हाताने झडती मागावी.

रास्पबेरी पाय, अर्डुइनो, ब्रेडबोर्ड असे इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगांचे बोर्ड नेत असाल तर जोडलेल्या अवस्थेत अजिबात नेऊ नका. सेन्सर, जंपर वायर आणि बॅटरी सुट्या करा, पारदर्शक डब्यात ठेवा आणि डबा स्वतःहून वेगळ्या ट्रेत काढा. डेमो दाखवायला जात असाल तर कंपनीच्या लेटरहेडवर दोन ओळींचं पत्र जवळ असू द्या. स्क्रूड्रायव्हर, पक्कड, कटर, सोल्डरिंग आयर्न ही सगळी हत्यारं चेक-इन बॅगेत.

पॉवरबँक: इथे हयगय नको

नियम असा आहे. सुटी लिथियम बॅटरी, आणि पॉवरबँक ही सुटी बॅटरीच धरतात, चेक-इन बॅगेत चालत नाही. ती हातातल्या बॅगेतच हवी. १०० वॉट-अवरपर्यंत (हे बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेचं माप) परवानगी लागत नाही. १०० ते १६० मध्ये विमान कंपनीची मंजुरी लागते आणि जास्तीत जास्त दोन नेता येतात. १६० च्या वर प्रवासी विमानात नाहीच.

पॉवरबँकवर बहुधा एमएएच लिहिलेलं असतं. त्याला ३.७ व्होल्टने गुणा आणि १००० ने भागा. १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॉट-अवर, २०,००० म्हणजे ७४, २७,००० म्हणजे ९९.९. ३०,००० एमएएचची पॉवरबँक १११ वर जाते आणि कंपनीची मंजुरी नसेल तर अडते. हिशेब करताना ५ व्होल्ट घेऊ नका. ते बाहेर पडणारं व्होल्टेज आहे, सेलचं नाही. मोठ्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या ९९ वॉट-अवरच्या आसपासच का थांबतात, तेही या मर्यादेमुळेच.

छापील आकडा पुसला गेल्यामुळेही पॉवरबँका जप्त होतात. अक्षरं बारीक असतात, खिशात घासून जातात. क्षमता वाचता आली नाही तर जवान ती सोडणार नाही, आणि नेटवरच्या जाहिरातीतला फोटो दाखवून उपयोग होत नाही. निघायच्या आदल्या दिवशी उजेडात धरून वाचा. पुसली असेल तर घरी ठेवा. फुगलेली, पडून चेपलेली किंवा चार्ज होताना चटका बसेल इतकी तापणारी पॉवरबँक तर नेऊच नका, ती ई-कचऱ्यात द्या. कॅमेऱ्याच्या सुट्या बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावा किंवा त्यांच्या डबीत घाला. किल्लीने दोन टोकं जोडली गेली की शॉर्ट सर्किट होतं.

एवढा आग्रह कशासाठी, तर लिथियम सेलमध्ये बिघाड झाला की आतली रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता तयार करते, ती शेजारच्या सेलला पेटवते आणि साखळी सुरू होते. विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात हॅलॉन वायू सोडून आग विझवतात. हॅलॉन ज्वाळा मारतो, सेलच्या आतली उष्णता मारत नाही. केबिनमध्ये मात्र कर्मचारी धूर पाहू शकतात आणि पाणी ओतून बॅटरी थंड करू शकतात. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानचं विमान उभ्या-उभ्या जळालं. आग डोक्यावरच्या कप्प्यात सुरू झाली होती आणि तपासात पॉवरबँककडे बोट दाखवलं गेलं. म्हणून पॉवरबँक वरच्या कप्प्यात न टाकता समोरच्या सीटच्या खिशात किंवा पायाशी ठेवा, आणि उड्डाणात तिने फोन चार्ज करू नका. फोन सीटच्या फटीत पडला तर सीट मागेपुढे करून शोधू नका, कर्मचाऱ्यांना बोलवा. सीटच्या यंत्रणेत चिरडलेला फोन पेटू शकतो.

प्रवाशाच्या हातात असलेला सगळ्यात मोठा धोका आज हाच आहे, हे स्पष्ट लिहायला हवं. दहशतवादी हल्ला आपल्याच विमानावर होण्याची शक्यता अत्यंत कमी. पण ती कमी आहे त्यात तपासणीचाही वाटा आहे, त्यामुळे ‘हे सगळं नाटक आहे’ म्हणणाऱ्यांशी सहमत होता येत नाही. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं कनिष्क विमान आयर्लंडजवळ समुद्रात कोसळलं, ३२९ माणसं गेली. बॉम्ब ज्या बॅगेत होता तिचा मालक विमानात चढलाच नव्हता. तेव्हापासून प्रवासी नसेल तर त्याची बॅगही उतरवायची, ही शिस्त कडक झाली. तुम्ही बॅग देऊन कॉफी पीत बसलात आणि गेटवर पोचला नाहीत, तर विमानाच्या पोटातून तुमची बॅग शोधून काढेपर्यंत सगळं विमान थांबतं. डिसेंबर १९९९ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या आयसी-८१४ विमानाचं अपहरण झालं आणि त्यानंतर २००० पासून विमानतळांची सुरक्षा सीआयएसएफकडे, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, यायला लागली. हातातल्या बॅगेतल्या द्रवांवरची १०० मिलिलिटरची मर्यादा ऑगस्ट २००६ मध्ये लंडनला उघड झालेल्या द्रव स्फोटकांच्या कटातून आली.

खाऊ आणि इतर

सुक्या खोबऱ्याची वाटी हातातल्या बॅगेत नाही, चेक-इनमध्येही नाही. तेलाचं प्रमाण जास्त असल्याने सुकं खोबरं आपोआप तापून पेटू शकणाऱ्या पदार्थांत मोडतं. बेंगळुरूला भाचीच्या ओटीसाठी नेलेल्या वाट्या लोहगावच्या टोपलीत जातात त्या यामुळे. जिथे जाताय तिथे विकत घ्या. ओल्या नारळाबद्दल कंपनीला आधी विचारा.

भाकरवडी, चिवडा, पुरणपोळी, कोरडे लाडू यांना अडचण नाही. लोणचं आणि तूप चेक-इनमध्ये, झाकणाला प्लॅस्टिक गुंडाळून वर घट्ट पिशवी. परदेशी जाताना श्रीखंड, आमरस, जॅम, टूथपेस्ट हे सगळं द्रवच धरतात: प्रत्येक डबी १०० मिलिलिटरची आणि सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. अर्धी भरलेली २०० ची बाटली चालत नाही, कारण बघतात ते बाटलीचं माप. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात गोडा मसाला, मेतकूट, भाजणी अशी पूड ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त असेल तर चेक-इनमध्ये टाका. याच मार्गावर लॅपटॉप चालू करून दाखवायला सांगू शकतात, म्हणून तो चार्ज केलेला असावा.

लायटर कुठल्याच बॅगेत चालत नाही. ट्रेकला निघालेल्यांनी स्टोव्हचं गॅसचं सिलिंडर घेऊच नये. सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइटवर संदेश पाठवणारं ट्रॅकिंगचं यंत्र भारतात परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे. विमानतळावर त्यावरून अटकही झाली आहे.

डिजियात्रा घ्यावं का

चेहऱ्यावरून ओळख पटवून आत सोडणारी ही सोय पुण्यात २०२३ पासून आहे. रांग जिथे लांब असते तिथे, म्हणजे टर्मिनलच्या दारात, वेळ खरंच वाचतो. अंगझडती आणि एक्स-रे मात्र सगळ्यांना सारखेच. नोंदणी घरी करा: ॲपमध्ये डिजिलॉकरमधून आधार जोडा, सेल्फी काढा, आणि प्रत्येक प्रवासाआधी बोर्डिंग पास नव्याने चढवून विमानतळाला पाठवा. हे शेवटचंच बहुतेक जण विसरतात आणि गेटवर लाल खूण येते. दुसरी अडचण नावाची. आधारवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं, तिकिटावर नसतं, किंवा नुसतं आद्याक्षर असतं. तिकीट काढतानाच आधारवरचं नाव जसंच्या तसं टाका.

ओळखपत्र फोनमध्येच राहतं आणि विमानतळाकडे गेलेली माहिती उड्डाणानंतर २४ तासांत पुसली जाते, अशी या योजनेची रचना सांगितली जाते. ते पटत नसेल तर ओळखपत्र दाखवून नेहमीच्या रांगेतून जा. ही सोय ऐच्छिक आहे आणि दारात कुणी आग्रह केला तर नाही म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे.

पोचायचं कधी

देशांतर्गत विमानाचे काउंटर बहुतेक कंपन्या सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद करतात, गेट २५ मिनिटं आधी. हिंजवडीहून संध्याकाळी निघणार असाल तर नगर रस्त्यावर भरवसा ठेवू नका; वनाजहून मेट्रोने रामवाडीला उतरून पुढे रिक्षा केली तर वेळेचा अंदाज तरी बांधता येतो. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, म्हणून धावपट्टीचे, लढाऊ विमानांचे फोटो-व्हिडिओ काढायचे नाहीत, खिडकीतूनही नाही. आणि बॅगेत काय आहे विचारल्यावर बॉम्बचा विनोद करू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशभरातल्या विमानांना शेकडो खोट्या धमक्या आल्या होत्या. असं बोलणाऱ्याला विमानातून उतरवतात आणि पोलिसांकडे देतात.

एखादी वस्तू अडलीच, तर जवानाला विचारा: परत जाऊन चेक-इनमध्ये देता येईल का? काउंटर उघडा असेल तर चेक-इनमध्ये चालणाऱ्या वस्तूसाठी हे जमतं. सोडायला आलेलं माणूस अजून बाहेर थांबलेलं असेल तर त्याच्याकडे द्या. म्हणून तपासणी पार होईपर्यंत त्यांना घरी पाठवू नका.