क्रॅश गेममध्ये जाणारा पैसा कसा अडवावा

विमान वर चढतं, आकडा १.०० पासून वाढत जातो आणि ते उडून जायच्या आत कॅशआउट दाबायचं. दाबलं त्या क्षणी आकडा जितका, तितक्या पटीने लावलेले पैसे परत, आणि या पटीलाच ‘एक्स’ म्हणतात. आधी विमान उडालं तर लावलेले पैसे गेले. खेळ एवढाच. ‘दिवसाला पाचशेच लावा’, ‘दीड एक्सला बाहेर पडा’ असे जोखीम सांभाळायचे नियम सांगणारे व्हिडिओ ढिगाने सापडतात. पण हे नियम खेळाच्या आत लावलेले असतात आणि तिथे ते चालत नाहीत. शिस्त लावायची ती पैसा खेळापर्यंत पोहोचतो त्या वाटेवर.

का, ते आकड्यांत बघा. या प्रकारच्या नावाजलेल्या गेममध्ये परतावा ९७ टक्के असल्याचं सांगितलेलं असतं. ते खरं धरलं, तर विमान २ एक्सपर्यंत पोहोचण्याची शक्यता ४८.५ टक्के, १.५ एक्सपर्यंत सुमारे ६४.७ टक्के आणि १० एक्सपर्यंत ९.७ टक्के. कुठलाही आकडा घ्या. शक्यतेला त्या आकड्याने गुणलं की उत्तर ९७ टक्केच येतं. म्हणजे लवकर निघणारा आणि थांबून राहणारा, दोघंही लावलेल्या प्रत्येक शंभर रुपयांमागे सरासरी ३ रुपये सोडतात. हे ३ रुपये खात्यात भरलेल्या रकमेवर नसतात, तर प्रत्येक डावाला लावलेल्या पैशावर असतात. पाचशे रुपये भरून ५० रुपयांचे दोनशे डाव खेळलात, तर उलाढाल १०,००० रुपयांची झाली आणि सरासरी तोटा ३०० रुपयांचा. डाव काही सेकंदांत संपतो, त्यामुळे दोनशे डाव व्हायला फार वेळ लागत नाही.

घरं बुडवते ती ‘डबल करत जा’ ही युक्ती. ५० हरले की १०० लावा, मग २००, ४००, ८००, १,६००, ३,२००. कॅशआउट कायम २ एक्सला. जिंकलात की हातात नफा ५० रुपये. सलग सात डाव हरलात की ६,३५० रुपये गेले आणि आठव्याला ६,४०० हवेत. सलग सात हरण्याची शक्यता १ टक्क्याच्या आतबाहेर आहे, म्हणजे ५० पासून सुरू करून जिंकेपर्यंतची एक फेरी धरली, तर अशा शंभरेक फेऱ्यांत एकदा. नव्याण्णव वेळा पन्नास मिळवून हाती ४,९५० येतात आणि एका फटक्यात ६,३५० जातात. दोन-चार दिवस युक्ती चालल्यासारखी वाटते, म्हणून माणूस रक्कम वाढवतो आणि फटका नेमका वाढवलेल्या रकमेवर बसतो.

पुढचा आकडा सांगणारी टेलिग्राम चॅनल आणि ‘प्रेडिक्टर’ अॅप निव्वळ फसवणूक आहे. अशा अॅपची प्ले स्टोअरबाहेरून टाकायची फाइल, म्हणजे एपीके, एसएमएसची परवानगी मागते आणि मग ओटीपी दुसऱ्याच्या हाती जातो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे असे गेम चालवणं, त्यांची जाहिरात करणं आणि त्यांचे पैसे फिरवणं गुन्हा ठरवलं आहे. खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही, त्यामुळे फसलेल्याने तक्रारीला घाबरू नये. मात्र आता जो कोणी ‘आयडी’, म्हणजे खेळायचं खातं उघडून देतो, तो कायद्याबाहेरचा. जिंकलेले पैसेही बऱ्याचदा अनोळखी माणसाच्या खात्यातून येतात. ते खातं सायबर तक्रारीत अडकलेलं असेल, तर तुमच्या खात्यातली रक्कमही गोठते.

आता कामाला लागा.

आधी शाखेतून किंवा बँकेच्या अॅपमधून तीन महिन्यांचं स्टेटमेंट काढा. गेमच्या वॉलेटमधल्या हिशेबावर जाऊ नका, तिथे जिंकलेले डाव ठळक दिसतात. गेमला गेलेली प्रत्येक रक्कम लाल पेनाने, परत आलेली निळ्याने खूण करा. नावं फसवी असतात. ‘ट्रेडर्स’, ‘एंटरप्रायझेस’ किंवा भलत्याच माणसाचं नाव दिसेल, तर रात्रीची वेळ आणि १००, २००, ५०० अशा सरळ रकमा यांवरून ओळखा. लाल वजा निळा हा खरा तोटा. तो घरातल्या एका माणसाला दाखवा. पुढच्या पायरीला त्याची सही लागणार आहे.

पगार किंवा मजुरी दोघांच्या सहीने चालणाऱ्या संयुक्त खात्यात घ्या. अशा खात्याला सहसा यूपीआय जोडता येत नाही, आणि नेमकं तेच हवं. यूपीआयचं खातं वेगळं ठेवा. त्यात आठवड्याच्या किरकोळ खर्चापुरते, समजा ७०० रुपये, टाका. कार्डावरचे ऑनलाइन व्यवहार बँकेच्या अॅपमधून बंद करा, यूपीआयची मर्यादा कमी करा, ऑटोपे तपासून नको ते रद्द करा. यंत्रमागावर आठवड्याला पगार होत असेल, तर त्याच संध्याकाळी भिशीचा, किराण्याचा आणि भाड्याचा पैसा घरात देऊन टाका. मोह सगळ्यात जास्त त्याच रात्री होतो.

फोनमधून एपीके काढा, आयडीवाल्याचा नंबर ब्लॉक करा, ग्रुप सोडा. वॉलेटमध्ये रक्कम उरली असेल तर काढायचा प्रयत्न करा. पण ‘आधी टॅक्स भरा, मग पैसे सुटतील’ असं सांगितलं की तिथेच थांबा, एक रुपयाही भरू नका. फसवणूक झाली असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितका उशीर, तितका पैसा पुढच्या खात्यांत पांगतो.

‘गेलेलं रिकव्हर करतो’ म्हणून नवं कर्ज काढू नका. जुनी कर्जं व्याजदराच्या उतरत्या क्रमाने लिहा. लोन अॅप आणि सावकार वर येतील, पतसंस्था आणि सोनेतारण खाली. सगळ्यांचे किमान हप्ते चालू ठेवून उरलेला पैसा वरच्या कर्जावर टाका. सावकाराकडे परवाना नसेल आणि तो वसुलीसाठी दारात येत असेल, तर सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात लेखी तक्रार करता येते. राज्याचा २०१४ चा सावकारी कायदा त्यासाठीच आहे.

इतकं करूनही हात फोनकडे जात असेल, झोप उडाली असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर १४४१६ वर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. समोरासमोर बोलायचं असेल, तर सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढा. सोबत ते लाल-निळ्या खुणांचं स्टेटमेंट न्या. कधीपासून, किती आणि कुठल्या वेळी खेळणं होतं, ते डॉक्टरांना त्यावरून लगेच कळतं.