सॉफ्टवेअर काढताना या चुका टाळा: आधी एजंट, मग सर्व्हर

महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीत अँटिव्हायरस बदलायचा होता. आम्ही शनिवारी रात्री जुन्याचा मॅनेजमेंट सर्व्हर, म्हणजे जिथून सगळी मशीन सांभाळतात तो, काढून टाकला आणि सोमवारी नवीन एजंट, म्हणजे प्रत्येक मशीनवर बसणारा अँटिव्हायरसचा प्रोग्राम, टाकायला बसलो. जुना एजंट काही केल्या निघेना. तो अनइन्स्टॉल पासवर्ड मागत होता, आणि तो पासवर्ड सर्व्हरवरच्या ज्या कन्सोलमधून बदलता आला असता तोच आम्ही घालवला होता. साठ मशीन! प्रत्येक टेबलाशी जाऊन सेफ मोड, मग अँटिव्हायरस कंपनीचं रिमूव्हल टूल, मग रीस्टार्ट. त्या दिवशी २० तारीख होती. जीएसटीआर-३बी भरायची म्हणून अकाउंट्सच्या ताई कागद छातीशी धरून माझ्या मागे उभ्या होत्या, आणि त्यांच्या खुर्चीत मी बसलो होतो. त्यांचा तो चेहरा अजून आठवतो.

तेव्हापासून क्रम कागदावर उतरवल्याशिवाय मी कशालाच हात लावत नाही. आधी टॅम्पर प्रोटेक्शन (एजंटला कोणी हात लावू नये म्हणून असलेलं कुलूप) बंद, मग सगळ्या मशीनवरचे एजंट, मग ते खरंच गेल्याची खात्री, आणि सर्व्हर सगळ्यात शेवटी. डिस्क एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर) असेल तर त्याहून जपून: डिस्क पूर्ण डिक्रिप्ट झाल्याशिवाय सॉफ्टवेअर काढू नका आणि रिकव्हरी की दुसरीकडे ठेवा. नाहीतर मशीन पुन्हा सुरूच होणार नाही.

प्रोग्राम फाइल्समधलं फोल्डर डिलीट केलं म्हणजे सॉफ्टवेअर गेलं, असं समजणारे अजून भेटतात. सर्व्हिस, ड्रायव्हर, शेड्यूल्ड टास्क सगळं जागच्या जागी असतं. सर्व्हर सुरू झाला की गायब फाइल शोधतो आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ७००० नंबरची एरर टाकतो. सी ड्राइव्ह भरला म्हणून विंडोजमधलं इन्स्टॉलर फोल्डर रिकामं करणं त्याहून वाईट. एमएसआयच्या, म्हणजे विंडोजच्या इन्स्टॉलर फाइल्सच्या, प्रती तिथेच असतात. त्या गेल्या की ना पॅच बसत, ना अनइन्स्टॉल होत.

बसवलेल्या सॉफ्टवेअरची यादी काढायला विंडोजची विन३२_प्रॉडक्ट ही क्वेरी चालत्या सर्व्हरवर अजिबात चालवू नका. ती नुसती यादी देत नाही. प्रत्येक एमएसआय तपासते, आणि काही बिघडलेलं दिसलं तर परस्पर रिपेअरही सुरू करते. कामाच्या वेळेत हे महागात पडतं. त्याऐवजी रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्ज जिथे साठतात तिथली) अनइन्स्टॉल की वाचा, ३२ बिटवाली वेगळी असते तीही बघा.

ग्रुप पॉलिसी किंवा इंट्यूनमधून (एका जागेवरून सगळ्या मशीनवर सॉफ्टवेअर पाठवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सोयी) सॉफ्टवेअर बसवलेलं असेल तर आधी तिथलं असाइनमेंट काढा. नाहीतर तुम्ही आज काढाल आणि उद्या ते परत बसेल.

डेटाबेस इन्स्टन्स काढण्याआधी त्याला आणखी कोण जोडलेलं आहे ते बघा. एकाच एसक्यूएल सर्व्हरवर हजेरीचं आणि स्टोअरच्या मालाचं अशी दोन्ही सॉफ्टवेअर चालतात, हे वागळे इस्टेटमधल्या छोट्या कारखान्यांत मी अनेकदा पाहिलंय. बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून बघा.

सायलेंट अनइन्स्टॉल (स्क्रीनवर काही न विचारता होणारं) करताना लॉग चालू ठेवा आणि शेवटचा कोड वाचा. ० म्हणजे झालं. १६१८ म्हणजे दुसरं इन्स्टॉलेशन चालू आहे, थांबा. १६०५ म्हणजे ते प्रॉडक्ट तिथे नोंदलेलंच नाही. ३०१० आला तर काम झालंय, पण रीस्टार्ट बाकी आहे. शेवटची ठाणे लोकल पकडायच्या घाईत हाच रीस्टार्ट राहून जातो, आणि सकाळी नवीन सॉफ्टवेअर बसत नाही म्हणून फोन येतो. त्याच रात्री रीस्टार्ट करा, मशीन वर आलं की सर्व्हिस आणि फायरवॉलचे नियम एकदा बघा, आणि त्या सॉफ्टवेअरसाठी बनवलेलं सर्व्हिस अकाउंट दुसरीकडे वापरात नसेल तर डिसेबल करूनच निघा.