समर सेशनला नाव नोंदवण्याआधी
अमेरिकेत शिकत असाल तर समर कोर्स, म्हणजे उन्हाळी सुट्टीतला कोर्स, घेण्याआधी तासांचा हिशेब मांडा. 15 आठवड्यांचा 3 क्रेडिटचा (म्हणजे वर्गात आठवड्याला 3 तासांचा) कोर्स 6 आठवड्यांत उरकायचा म्हणजे वर्गातच आठवड्याला साडेसात तास, आणि घरचा अभ्यास त्याच्या दुप्पट. ऑर्गॅनिक केमिस्ट्री अशा घाईत घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत. कोर्स निवडायला मदत करणाऱ्या ॲडव्हायजरला ‘कोणता कोर्स घेऊ?’ असं मोघम विचारण्यापेक्षा ‘हा आत्ता झाला नाही तर पुढचे कोणते अडतील?’ असं विचारा. कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात) फी बहुधा कमी असते, पण ते क्रेडिट आपल्या विद्यापीठात धरले जातील हे आधी ईमेलवर लेखी घ्या. कोर्स सोडायची मुदतही पाहून ठेवा. पूर्ण फी परत मिळण्याची तारीख कित्येकदा पहिल्याच आठवड्यात उलटून जाते.