सोयाबीन निघालं, आता जनावर तुरीत बसेल

दिवाळी आटोपली की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात पारावर एकच बोलणं असतं. सोयाबीन निघालं, रानडुकरं गेली असं वाटलं, अन् हरभरा पेरल्याबरोबर परत कुठून आली? ती कुठं गेलीच नव्हती. सोयाबीन कापल्यावर आडोसा गेला म्हणून शेजारच्या तुरीत सरकली, एवढंच.

जनावर जागा निवडतं ती पोटाला काय मिळेल, पाणी किती जवळ आहे आणि दिवसा लपायला कुठं आहे, या हिशेबानं. आपण फक्त पोटाचा विचार करतो. माझ्या पाहण्यात मात्र कोणत्या वावराला फटका बसणार हे बहुतेक वेळा लपणीवरून ठरतं. यंदा रब्बीची आखणी करताना आधी नाला, पांदण, पडीक आणि उभी तूर कुठं आहे ते पाहा, मग पीक ठरवा.

गेल्या वर्षी मीच चूक केली. नाल्याकडच्या तुरीला लागून हरभरा पेरला. तिसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर तासच्या तास उकरलेले, जणू कोणी दाणा अन् दाणा हुंगत गेलं होतं. ठशांच्या मागं तुरीत शिरलो. आत दोन हात जागा दाबून बिछान्यासारखी केलेली, माती अजून गार होती. बाजूच्या पळसाच्या खोडाला गुडघ्याएवढ्या उंचीवर वाळलेला चिखल आणि त्यात चिकटलेले काळे राठ केस. तिथून हरभरा बारा पावलांवर. एवढ्या जवळ ताट वाढल्यावर डुक्कर लांब कशाला जाईल?

डुकराला आपल्यासारखा घाम येत नाही, म्हणून त्याला चिखल आणि गर्द सावली लागते. नजर अधू, नाक तीक्ष्ण. उघड्यावर ते बिचकतं. म्हणून तूर आणि हरभरा यांच्यामध्ये दहा-बारा हातांचा पट्टा साफ, मोकळा ठेवा. धुऱ्यावरची (बांधावरची) घाणेरी मुळासकट काढा, नुसती छाटली तर पुढच्या पावसात दुप्पट फुटते. जमलं तर हरभरा नाल्यापासून सगळ्यात लांबच्या तुकड्यात घ्या आणि कडेनं करडईच्या सहा-आठ ओळी टाका. करडईला काटे धरायला वेळ लागतो, तोवर तिच्या भरवशावर राहू नका. पेरणीपासून उगवणीपर्यंतचा आठवडा खरा धोक्याचा, त्यात जागल, म्हणजे रात्रीची राखण, लागतेच. शिवारातल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात पेरलं तर जागल वाटून घेता येते आणि नुकसान एकाच्याच माथी पडत नाही. यंदा आम्ही सात घरं तसंच करतो आहोत.

रोह्याचं, म्हणजे नीलगाईचं, गणित वेगळं. त्याला दाट जंगल नको असतं. विरळ झुडपं, माळ, लांबवर नजर जाईल अशी जागा त्याला आवडते, आणि पाणी थोडं असलं तरी तो भागवतो. म्हणून जंगलापासून कोसभर लांबच्या गावातही रोही दिसतात. धुरा साफ केल्यानं रोही थांबणार नाही. तो ठरलेल्या जागीच लेंड्या टाकतो. तो ढीग सापडला तर त्याची ये-जा तिथूनच आहे असं समजा आणि कुंपणाचा पैसा आधी त्या बाजूला लावा. चितळ मात्र जंगलाची कड सोडून फार आत येत नाही.

सौर कुंपण घेतलंत तर खालची तार घोट्याच्या वर पण गुडघ्याच्या खाली ठेवा, नाहीतर डुक्कर खालून जातं. तारेला गवत टेकलं की झटका तिथंच उतरतो, म्हणून दर आठवड्याला तारेखालचं गवत काढा. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकत जा, आपली काळी जमीन वाळून भेगाळली की झटका बसत नाही. वनालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदानाची सोय आहे, वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. विजेच्या खांबावरून थेट करंट मात्र कोणीही सोडू नका. त्यानं माणसं मेली आहेत, वाघ मेले आहेत, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तो गुन्हा आहे.

नाला पेटवून देणारेही आहेत. हात जोडून सांगतो, तसं करू नका. आग लागली की डुक्कर गाव सोडत नाही, तुरीत आणखी खोल शिरतं. गवत जळालं की चितळ-रोह्यांना वावराशिवाय खायला काही उरत नाही. आपली ई-क्लासची (सरकारी) गायरानं आणि झुडपी जंगलं आधीच घाणेरीनं भरली, कुठं नांगराखाली गेली. जनावराला बसायला उरलं काय, तर नाला आणि आपलं पीक.

आणि जिथं डुक्कर, तिथं त्याच्या मागं वाघ. त्यालाही सावली, पाणी आणि शिकार नाल्यातच मिळते. २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातला रेडिओ कॉलर लावलेला तरुण वाघ स्वतःची जागा शोधत सुमारे १,३०० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्या वाटेत जंगल कमी आणि शेतंच जास्त होती. तेव्हा कापूस वेचायला जाणाऱ्या बायांनी ऊन चांगलं वर आल्यावर, चार-पाच जणींनी मिळून जावं. नाल्याकडची ओळ आधी बोलत, भांडं वाजवत पाहून घ्यावी आणि तिथं वाकून एकटीनं वेचू नये. वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही. पाणी द्यायची पाळी रात्रीची आली तर बॅटरी आणि सोबती घेतल्याशिवाय निघू नका.

नुकसान झालंच तर ३ दिवसांच्या आत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. पंचनामा होईपर्यंत उकरलेल्या जागेत दुबार पेरणी करू नका. ठशाचा फोटो काढताना शेजारी काडेपेटी ठेवा, म्हणजे माप कळतं. ओल्या मातीत डुकराच्या दोन खुरांच्या मागं बाहेरच्या बाजूला दोन छोट्या टोचणी उमटतात, रोह्याचा ठसा लांबट आणि वासराच्या खुरासारखा दिसतो. ऊन चढून कडा ढासळायच्या आत, सकाळीच काढा.